मधल्या मापाचे रातकिडे

फान सरांना या सगळ्यातून मिळणार होती एक खुर्ची. पेन्शनीत वाढ नाही की गळ्यात हार नाही. चहाघराच्या माडीवर दाराकडे तोंड करून ठेवलेली बांबूची खुर्ची, तीही वर्षापुरती. पण तिच्यात बसलं की जिना चढून येणारा प्रत्येक माणूस आधी तुम्हाला वाकतो, आणि निवृत्तीनंतर कोणी वाकत नाही म्हणून सरांना अन्न पचत नव्हतं. त्यातून तिच्यात बसत होता लाय चिन-फा. सर उपमुख्याध्यापक असताना हा त्यांच्या शाळेत कँटीन चालवायचा. भातात केस सापडला म्हणून सरांनी एकदा त्याला भर वर्गात उभं केलं होतं. आता माडीवर गेलं की सरांनाच लायपुढे मान लववावी लागे.

आमच्या पुली गावात प्रार्थनाकीटक, म्हणजे मँटिस, पाळणाऱ्यांचं मंडळ आहे. शरदातल्या चंद्राच्या सणाला सगळे आपापली मादी घेऊन माडीवर जमतात. जिचं पोट सर्वांत भरलेलं, तिच्या मालकाची खुर्ची. अट एकच, मादी अंड्यातून घरीच वाढवलेली हवी. ओढ्याकाठून धरून आणलेली चालत नाही. तो अप्रामाणिकपणा. हा शब्द लाय फार सावकाश उच्चारतो.

मी या थोर लोकांना किडे विकते. पिल्लांना चिलटं, जरा वाढली की मधल्या मापाचे रातकिडे, आणि मोठ्या मादीला मोठे.

वसंतात सरांनी माझ्याकडून अंड्यांचा कोश नेला. त्यातून पिल्लं निघाली दोनेकशे. मी बजावलं होतं, प्रत्येकाला वेगळा पेला द्या आणि वर जाळी बांधा. कात टाकताना ती उलटी लटकतात, पायाला पकड लागते, खाली मोकळी जागा लागते. सरांनी मान हलवली, आठवीच्या पोरानं उत्तर चुकवल्यावर हलवायचे तशी.

"आलानताई, मी हयातभर वर्ग सांभाळलेत. एकत्र ठेवलं की आपोआप शिस्त लागते."

आणि सगळा वर्ग लोणच्याच्या काचेच्या बरणीत भरला. शिस्त लागली. ज्यानं त्यानं शेजारच्याला खाल्लं. शेवटी एकच उरला, भावंडांवर पोसलेला, सरांच्या मते पहिल्या नंबराचा. तो कात टाकायला लटकला, गुळगुळीत काचेवरून घसरला आणि वाकडातिकडा होऊन मेला. हे मला शू-च्वान वहिनींनी सांगितलं, सरांच्या पत्नी. उरलेली चिलटं परत करायला आल्या होत्या. म्हणाल्या, बरणी मोकळी झाली हे एक बरं, आता तिच्यात मुळा घालते.

उन्हाळाभर सर फिरकले नाहीत. शरद लागला आणि एका सकाळी आले ते गुडघ्यापर्यंत ओली विजार घालून. ओढ्यावर फिरायला जातो म्हणाले, तब्येतीसाठी. आणि मोठे रातकिडे मागितले. मी दिले. गिऱ्हाइकाच्या विजारीकडे दुकानदारानं बघायचं नसतं. तसाही त्या वर्षी माझ्या डोक्याला दुसराच ताप होता. मधल्या मापाच्या, न खपलेल्या रातकिड्यांनी खोकेच्या खोके भरले होते आणि त्यांच्या किरकिरीनं शेजारचा न्हावी भांडायला येत होता.

नव्या मादीचा थाट काय वर्णावा. वहिनींची अन्न झाकायची जाळीची छत्री काढून तिच्यासाठी छताला टांगली, आत लाँगनच्या फळझाडाची फांदी, ओला स्पंज. सर चिमट्यानं रातकिड्याच्या तंगड्या मोडून घास भरवत, तिच्या घशाला टोचू नये म्हणून. वहिनी म्हणाल्या, "माझ्या भातावर माशा, आणि त्या भवानीच्या डोक्यावर छत्री."

मादीचं पोट टरारलं. पुढे तिचं खाणंही सुटलं. मी म्हटलं, सर, हे लक्षण बरं नाही. सर म्हणाले, डोहाळे आहेत. बाजारात भेटेल त्याला पोटाची हकीकत सांगत सुटले, घरची सूनच जणू गरोदर आहे.

सणाच्या दिवशी माडीवर पपनसाच्या फोडी, चहा, आठ पेट्या आणि कोपऱ्यात मी. सरांनी मादी बाहेर काढून टेबलावर ठेवली तेव्हा लायचा चेहरा उतरला. असलं पोट कोणी पाहिलंच नव्हतं. सर खुर्चीकडे बघून घसा खाकरत होते, एवढ्यात मादी चालू लागली. पेट्या ओलांडून, पपनस ओलांडून, सरळ कप विसळायच्या पाण्याच्या वाडग्याकडे. काठावर चढली, पोटाचं टोक पाण्यात बुडवलं, आणि तिच्यातून काळा, वीतभर लांब, वळवळणारा दोरा बाहेर आला. पोट रिकाम्या पिशवीसारखं चपटं झालं.

तो जंत काय आहे हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. ओढ्याकाठचे किडे खाल्ले की तो पोटात जातो. माझ्या दुकानच्या रातकिड्यांवर घरात वाढलेल्या मादीच्या पोटात तो येणार कुठून?

"आतड्याचा भाग आहे," सर म्हणाले. "जास्त खाण्यानं येतो."

लायनं तोंड उघडलं. आता तो आपला आवडता शब्द काढणार, सावकाश. पण सर कसेही असले तरी परीक्षेत कॉप्या पकडण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी वाडगा उचलला आणि लायच्या पेटीपुढे सरकवला.

"लायभाऊ, तुमचीही तहानलेली दिसते. सोडा की जरा."

लायनं पेटीवर तळहात ठेवला. "नको. तिला सर्दी झालीय."

मी इकडेतिकडे पाहिलं. टेबलावरच्या साऱ्या पेट्या हळूहळू मालकांच्या मांडीवर चालल्या होत्या. एकानं तर वर पंचा टाकला. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख झालं. माझे मधल्या मापाचे रातकिडे त्या वर्षी एकट्या फान सरांनीच नाकारले नव्हते. वाढत्या पिल्लांसाठी म्हणून ते आठांपैकी कोणीही नेले नव्हते. मला हसू आवरेना, मी पपनसाची फोड तोंडात कोंबली.

तोडगा लायनंच काढला. पोटाबिटाची चढाओढ हलकी वाटते, म्हणाला. यंदा मान वयाला द्यावा. सगळ्यांनी घाईघाईनं टाळ्या वाजवल्या. वयानं मोठे होते फान सर.

तर हिशेब असा. सर खुर्चीत बसले आणि पहिला लाय वाकला. लायची अब्रू झाकणाखाली राहिली. वहिनींना छत्री परत मिळाली, मधोमध भोक पडलेली. माझे रातकिडे न्हाव्यानं एका सकाळी नाल्यात ओतले. आणि ती मादी, जिला कुठल्याच खुर्चीत बसायचं नव्हतं, बशीत आडवी पडून संध्याकाळच्या आत मेली. टेबल पुसताना चहावाल्यानं तिला पपनसाच्या सालींबरोबर लोटलं, तेव्हा सर दाराकडे बघत होते, वर कोण येतंय ते.