आडवा पडलेला नातू

हे लिहिणारच नव्हतो. टाईप केलं, पुसलं. शेवटी तान छी म्हणाला, "लिही रे, नाहीतर मीच लिहीन आणि स्वतःला हिरो करीन."

तान छी आणि मी चीनमधल्या हफेई शहरात एका खोलीत राहतो. वसंतसण, म्हणजे आमचं नवं वर्ष, झाल्यावर मी नोकरी सोडली. जीवच विटला होता. आता दुपारी एका दुकानात पार्सलं लावतो, बाकी वेळ घरी. आमच्या वयाची पोरं याला 'आडवं पडणं' म्हणतात. उगाच धावायचं नाही, एवढंच. बाबांना तो शब्द बातम्यांत कळला आणि त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. गावी आजीला मात्र फोन केला. "तुझा नातू आडवा पडलाय!"

आजीने ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी दारात हजर. हातात पिशवी, पिशवीतून कोंबडीचं डोकं बाहेर.

"कुठे दुखतंय रे, दौया?"

दौया म्हणजे कडधान्याचा मोड. लहानपणी मी तसाच होतो, काडी.

"आजी, मी आजारी नाही गं."

"गप. उठू नकोस."

तान छी हसून लोळायला लागला. "आजी, मीपण आडवा आहे!"

"अरे देवा, तूपण? बरं झालं, कोंबडीला तंगड्या दोन असतात."

आजीने कोंबडीचं सूप चढवलं. ते उकळेपर्यंत मी खरं सांगणं टाळत राहिलो. खरं कळलं की आजीपण बाबांसारखीच बघेल. घरात माझ्या बाजूची एक तीच उरली होती.

शेवटी बोललो. "आजी, मी नोकरी सोडलीय. आडवं पडणं म्हणजे तेच."

तिचा हात थांबला. "म्हणजे ताप नाही?"

"नाही."

"पोट?"

"ठीक आहे."

ती मटकन स्टुलावर बसली आणि बाहीने डोळे पुसले. "अगं बाई! केवढं घाबरवलं तुझ्या बापाने!" आम्हाला वाढलं, आणि लगेच बाबांना फोन. "गाढवा, पोरगं आडवं नाहीये. समोर बसून कोंबडी खातंय."

पलीकडून बाबांचा आवाज, "तंगडी त्यालाच दिलीस ना?"

मी वाडग्यात तोंड घातलं.

तान छी मात्र खायचा थांबला होता. त्याचीही नोकरी गेलीय, पण आईचा व्हिडिओ कॉल आला की तो अजून ऑफिसचा शर्ट चढवतो.

म्हटलं, "रविवारी तुझ्या घरी जाऊ. तू सांग, मी शेजारी बसतो. कोंबडी माझ्याकडून."