वेदिकासाठी प्रार्थना

वेदिका लोंढे कॅम्पला जाणारच नव्हती. वडील जाऊन सात महिने झाले होते, आणि आईला रत्नागिरीत एकटीला ठेवून तीन दिवस गुहागरला जाणं तिला नको वाटत होतं. पण कॉलेजच्या ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या गटातली मनस्वी तिची संडे स्कूलपासूनची मैत्रीण. "समुद्रात डुंबू, भरपूर चालू. बाहेर पडलं की देव जवळ वाटतो," असं म्हणत तिने आईकडूनच होकार मिळवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गटप्रमुख अजिंक्यदादाने सगळ्यांना दोघादोघांनी किनाऱ्याने चालत पाठवलं. चपला हातात घेऊन या दोघी सुरूच्या बनाच्याही पुढे गेल्या. तिथे वेदिका कपड्यांनिशीच लाटेत बसली. पाणी अंगावरून येत-जात राहिलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच तिला हलकं वाटलं, आणि ती बोलून गेली.

"मला प्रार्थना करता येत नाही, मनू. पप्पा गेल्यापासून. रोज संध्याकाळी आईबरोबर बसते, डोळे मिटते, नुसते ओठ हलवते."

"आईंना माहीत आहे?"

"नाही. ती त्या प्रार्थनेवरच उभी आहे. तिला कळता कामा नये."

मनस्वीने तिचा ओला हात धरला. "कुणाला नाही सांगणार."

त्या दुपारी वेदिकाने दोनदा भात मागून घेतला.

तिसऱ्या दिवशी सकाळची उपासना वाळूतच होती. गाणं संपल्यावर अजिंक्यदादा म्हणाला, "वेदिका, मध्ये ये. तुझा विश्वास डळमळलाय, तू प्रार्थनेत नुसते ओठ हलवतेस, हे कळलंय आम्हाला. लाजू नकोस." वीस-बावीस हात तिच्या डोक्यावर, खांद्यांवर आले आणि सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करू लागले. नुसते ओठ हलवतेस. शब्द तिचेच होते. पाठीवर मनस्वीचा हात होता.

सामान भरताना तिने विचारलं, "तू शब्द दिला होतास ना?"

"मला काळजी वाटली गं तुझी. दादाला सांगितलं तर काहीतरी मार्ग निघेल, असं वाटलं."

"आईला?"

मनस्वी बॅगेची चेन ओढत राहिली. "दादाने काल फोन केला त्यांना."

फेरीबोटीत मनस्वीने शेजारी जागा धरली होती. वेदिका जयगड येईपर्यंत कठड्याशी उभी राहिली.

घरी आईने दार उघडलं. "अजिंक्यचा फोन आला होता. खरं आहे?"

"हो."

"सात महिने माझ्या शेजारी बसून?"

वेदिकाने खांद्यावरची बॅग खाली ठेवली.

"मला वाटायचं, आपण दोघी मिळून मागतोय." आईचा आवाज चढला नाही. "आणि हे तू मनस्वीला सांगितलंस. मला नाही."

तुला त्रास होऊ नये म्हणूनच नाही सांगितलं, असं वेदिकाच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आई तिचं ताट वाढून आत निघून गेली, आणि आतल्या दाराला कडी लागल्याचा आवाज आला.