माझ्या पोटातली हळद

मित्रांनो, दारात गाडी आली की तुम्ही तिचा रंग पाहता, दिवे पाहता, संधी मिळाली तर हॉर्नही वाजवून पाहता. पुढच्या जाळीमागे कोण बसले आहे, हे सहसा कुणी वाकून पाहत नाही. तिथे मी असतो. रोहण्याच्या गुलाबरावांच्या पांढऱ्या ॲम्बॅसॅडरचा मी जुना रेडिएटर.

माझे काम सांगायला सोपे आहे. इंजिन चालते तेव्हा ते फार तापते. त्याची उष्णता पाणी घेते आणि ते पाणी माझ्याकडे येते. मला वर एक टाकी आहे, खाली एक टाकी आहे आणि मध्ये चपट्या नळ्यांची उभी रांग आहे. नळ्यांना कागदासारखे पातळ तांब्याचे पापुद्रे चिकटलेले आहेत. पाणी नळ्यांतून उतरते, समोरून वारा येतो, उष्णता वाऱ्याबरोबर निघून जाते आणि निवलेले पाणी पुन्हा इंजिनाकडे वळते. मी नवीन काहीच तयार करत नाही. एकाचा ताप दुसऱ्याकडे सोपवतो, इतकेच.

माझा जन्म इथून फार दूरच्या एका कारखान्यात झाला. पितळेच्या टाक्या, तांब्याचे पापुद्रे आणि त्यांना सांधणारे कथलाचे डाग. ज्या कारागिराने शेवटचा डाग दिला, त्याने माझ्यात हवा भरून मला पाण्याच्या हौदात बुडवले आणि तो वाट पाहत राहिला. एकही बुडबुडा वर आला नाही. त्याने मला पुसले आणि बाजूला ठेवले. ती माझी पहिली परीक्षा. त्या माणसाचा चेहरा मला आठवत नाही, पण त्याचे ते शांतपणे वाट पाहणे आठवते.

माझी उमेदीची वर्षे हिंगणघाटात गेली. गाडी कापसाच्या एका जिनिंगच्या मालकांची होती आणि तरुण गुलाबराव तिचे ड्रायव्हर होते. हंगामात जिनिंगच्या आवारात रुईचे तंतू धुक्यासारखे तरंगत. ते माझ्या पापुद्र्यांत अडकून बसत आणि वाऱ्याची वाट बंद होई. गुलाबराव दाढीच्या जुन्या ब्रशने, एकही पापुद्रा न वाकवता, ते तंतू रोज काढत. मालक पाहुण्यांना सांगत, "आपली गाडी मे महिन्यातही तापत नाही." पाहुणे गाडीच्या टपावर थाप मारत. मी जाळीमागे असे, पण ती थाप मला पोहोचत असे.

पुढे मालकांनी नवी गाडी घेतली आणि ही जुनी गुलाबरावांना दिली. आम्ही रोहण्याला आलो. आर्वी, पुलगाव, वर्धा अशा फेऱ्या सुरू झाल्या. नवऱ्या मुली, आजारी माणसे, परीक्षेला निघालेली पोरे सगळी आमच्या गाडीतून गेली. आणि दरवर्षी दसऱ्याला गुलाबराव गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन नागपूरला दीक्षाभूमीवर जात. त्या फेरीचे ते काही घेत नसत. पुढच्या सीटवर त्यांच्या पत्नी जिजाबाई असत. नागपुरात दीक्षा झाली तेव्हा त्या आईच्या कडेवर तिथे गेल्या होत्या. त्यांना त्यातले काही आठवत नाही. म्हणूनच त्या एकही वर्ष चुकवत नसत.

रोहण्याच्या विहिरीचे पाणी जड होते. पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा थर धरतो, तो तुम्ही पाहिला असेल. तसाच थर माझ्या नळ्यांत धरू लागला. वयामुळे खालच्या टाकीचा एक डागही थोडा उकलला आणि सकाळी गाडीखाली ओल दिसू लागली.

त्यावर गुलाबरावांनी ट्रकवाल्यांकडून शिकलेला उपाय केला. माझे झाकण उघडून त्यांनी चमचाभर हळद आत टाकली. हळद पाण्याबरोबर फिरली, फटीत जाऊन बसली आणि गळती थांबली. हळद साधी नव्हती. जिजाबाईंचे माहेर वायगावचे आणि वायगावच्या हळदीचे नाव आमच्या जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. "माणसाची जखम भरते, तुही काऊन नाई भरणार?" असे म्हणून गुलाबराव झाकण लावत. मला ते आवडे. आपल्याला कुणी घरचे औषध देते, याचा मला अभिमान वाटे. माझ्या नळ्या एकेक करून बंद होत आहेत, हे मला कळत होते. पण रेडिएटरला बोलता येत नाही. तो फक्त तापून दाखवू शकतो.

एका दसऱ्याच्या आदल्या दिवशी, तळेगावच्या पुढच्या घाटात, मी तापून दाखवले. बॉनेटमधून वाफ आली. गुलाबरावांनी गाडी कडेला घेतली. मागची म्हातारी मंडळी एका टेम्पोतून पुढे गेली. जिजाबाई मात्र उतरल्या नाहीत. "गाडी सोडून मी नाई जात," म्हणाल्या. संध्याकाळी आम्हाला दोरीने ओढत परत आणले. त्या वर्षी जिजाबाई नागपूरला पोहोचल्या नाहीत. नंतर त्यांचे गुडघे गेले आणि एसटीची पायरी त्यांना चढवेना.

गाडी टिनाच्या शेडमध्ये उभी राहिली. माझ्या पापुद्र्यांत गांधीलमाशीने घर केले. कोळ्याने जाळीवर जाळे विणले. अनेक दसरे आले आणि गेले. मित्रांनो, न वापरलेल्या वस्तूचे दुःख मोठे नसते, पण ते संपत नाही.

मग एका उन्हाळ्याच्या सुटीत गुलाबरावांची मुलगी दीपमाला शेडचे दार उघडून आत आली. ती आर्वीच्या शाळेत विज्ञान शिकवते. कमी बोलते. ती आईला म्हणाली होती, "आई, यंदा भाड्यानं गाडी करू. दारातून दारात. तुला पायरीच चढावी लागणार नाही."

जिजाबाईंनी उत्तर दिले होते, "ज्या गाडीनं अर्ध्यातून वापस आली, त्याच गाडीनं पुरी जाईन. नाईतर इथंच बरी हावो मी."

म्हणून बापलेकीने गाडी दुरुस्त करायला घेतली. ब्रेक झाले, तारा झाल्या, सीटची गादी नवी झाली, रंग झाला. दसरा जवळ आला तेव्हा फक्त मी उरलो होतो.

हिंगणघाटात गुलाबरावांच्या ओळखीचे ओमप्रकाश रेडिएटरचे काम करतात. मला सोडवून गोधडीत गुंडाळले आणि एसटीत गुलाबरावांच्या मांडीवर ठेवले. कंडक्टरने विचारले, "काय होय बाबा हे?"

"पेशंट होय," गुलाबराव म्हणाले.

"मंग खिडकीपाशी बसवा. हवा लागू द्या."

ओमप्रकाशनी मला उलटसुलट करून पाहिले. "गुलाबभाऊ, एक काम करा. नवीन टाका, अल्युमिनियमचा. हा आता पितळेच्या भावात जाईन. इमोशनल नका होऊ."

दीपमालाने थोडे कढत पाणी मागितले. ते तिने माझ्या वरच्या टाकीत ओतले आणि हाताची मागची बाजू नळ्यांवरून हळूहळू फिरवली. जिथे पाणी उतरत होते तिथे नळी गरम लागत होती. बाकीच्या गारच होत्या.

"निम्म्याहून जास्त बंद आहेत," ती म्हणाली. "पण फुटलेली एकही दिसत नाही. दादा, वरची टाकी उघडता का? आत काय आहे ते पाहू. नवीन टाकायचा की नाही, ते नंतर."

"उघडतो ना. आपल्याले काय, उघडाचेच पैसे हायेत," ओमप्रकाश हसून म्हणाले आणि त्यांनी ज्योत पेटवली. डाग वितळले. टाकी सुटली. इतक्या वर्षांनी माझ्या आत उजेड आला.

आत पिवळट तपकिरी गाळ होता. काही ठिकाणी चिखलासारखा, काही ठिकाणी खडूसारखा घट्ट. ओमप्रकाशनी बोट लावून वास घेतला. "भाऊ, हे रेडिएटर होय का वरणाचं भांडं? किती हळद टाकली?"

"चमचाभरच टाको मी," गुलाबराव म्हणाले. "लांब जाचं असलं त."

"हे चमचाभर नाई. हे अख्खं लगन हाय."

दीपमाला गाळाकडे पाहत होती. मग ती हळू आवाजात म्हणाली, "एकदा मीही टाकली होती. शाळेत असताना. गाडीखाली ओल दिसली म्हणून."

गुलाबरावांनी तिच्याकडे पाहिले. तिने फोन काढला आणि आईला लावला. "आई, तू कधी गाडीच्या रेडिएटरमध्ये हळद टाकत होतीस का?"

पलीकडून जिजाबाईंचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "टाकत होती ना. सकाळी सडा टाकाले गेली का एक मूठ. तुह्या बाबाले सांगतलं नाई, उगाच चिंता करतीन. काऊन, कमी पडली काय?"

ओमप्रकाश इतके हसले की त्यांना ज्योत बंद करावी लागली.

असे माझे निदान झाले. मला कुणी उपाशी ठेवले नव्हते. तीन माणसांनी एकमेकांना न सांगता मला औषध पाजले होते आणि उघडून कुणीच पाहिले नव्हते.

ओमप्रकाशनी एक लांब पातळ पट्टी घेऊन माझी प्रत्येक नळी खरवडली. घाई केली असती तर नळ्या चिरल्या असत्या. त्यांनी घाई केली नाही. उकललेला डाग काढून नवा दिला, टाकी पुन्हा बसवली आणि हवा भरून मला हौदात बुडवले. तिघेही वाट पाहत राहिले. बुडबुडा आला नाही.

पण हौदातली परीक्षा आणि घाट यांत फरक असतो, हे दीपमालाला माहीत होते. मला पुन्हा गाडीत बसवल्यावर तिने माझ्यात विहिरीचे पाणी न भरता हिरवे कूलंट भरले. मग माणसांच्या वजनाची तुरीची पोती सीटवर ठेवून भर दुपारी ती आणि गुलाबराव तळेगावचा घाट चढायला निघाले. तापमानाचा काटा मधोमध राहिला. मी कामाला लागलो होतो. घाटमाथ्यावर त्यांनी बॉनेट उघडले. माझ्या खालच्या टाकीच्या कडेला एक हिरवा थेंब लोंबत होता. तो पडला. मग दुसरा आला.

गुलाबरावांचा हात सदऱ्याच्या खिशाकडे गेला.

"बाबा, खिशात काय आहे?"

"काई नाई." त्यांनी हात काढून घेतला. मग म्हणाले, "दीपा, नवीनच टाक. ओमप्रकाशले फोन कर. माह्यं सोड. तुही आई आता अर्ध्यातून वापस नाई आली पाह्यजे."

मित्रांनो, मलाही तेच वाटले. जुन्या वस्तूचा मान माणसाच्या वाटेपेक्षा मोठा नसतो. मी मनात निरोपाची तयारी केली.

दीपमालाने फोन हातात घेतला, पण लावला नाही. इंजिन निवेपर्यंत ती थांबली. मग पर्समधून तिने खडूचा एक तुकडा काढला. शिक्षकांच्या पर्समध्ये तो नेहमी असतो. मला कोरडे पुसून तिने माझ्या प्रत्येक सांध्यावर खडूची पांढरी पूड चोळली. खालच्या टाकीवर, बाजूंना, वर रबरी पाइप जिथे बसतो तिथेही. मग तिने इंजिन सुरू केले आणि माझ्यासमोर उकिडवी बसून राहिली. त्या कारखान्यातल्या माणसासारखी.

माझे सांधे पांढरेच राहिले. ओली रेघ उमटली ती वरच्या रबरी पाइपाच्या तोंडापासून. पाइप जुना होता, तो आवळणारी पट्टी सैल होती. तिथून पाणी निसटत होते आणि माझ्या अंगावरून ओघळून खाली थेंब होत होते.

"याचं नाही हे," ती म्हणाली. "पाइपाचं आहे."

गुलाबराव वाकले. त्यांनी ती रेघ बोटाने वरून खाली तपासली. मग माझ्या टाकीवर तळहात ठेवला आणि मी तापलेलो असूनही तो क्षणभर तसाच राहू दिला. "लय बदनाम केलं बिचाऱ्याले," ते म्हणाले.

तळेगावच्या बाजारात नवा पाइप आणि पट्टी मिळाली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी जिजाबाई पांढरे लुगडे नेसून पुढच्या सीटवर बसल्या. बसण्याआधी माझ्या उघडलेल्या झाकणातून हिरवे पाणी दिसले तेव्हा म्हणाल्या, "पिवळ्याचं हिरवं केलं वाटते पोरीनं." गाडी निघाली. आर्वी गेली, तळेगाव गेले. घाटात, पूर्वी जिथे अडकलो होतो त्या वळणावर, गुलाबरावांनी कुणी न सांगता गाडी थांबवली. काटा मधोमध होता. तरी ते उतरले आणि बॉनेट उघडून उभे राहिले.

जिजाबाईंनी खिडकीतून हात बाहेर काढला. हातात कापडाची पुरचुंडी होती. "घ्या."

"नाई लागत आता," गुलाबराव म्हणाले.

"पुरतं तपासलं ना?"

"दीपानं तपासलं."

जिजाबाईंनी लेकीकडे पाहिले. दीपमालाने मान हलवली. मग तिने वडिलांसमोर हात पसरला. गुलाबरावांनी खिशातून कागदाची पुडी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. पुरचुंडी आणि पुडी, दोन्ही तिने स्वतःच्या पिशवीत टाकल्या. गाडी घाट चढून गेली.

दुपारी नागपुरात, येणाऱ्यांसाठी मोठमोठ्या भांड्यांत वरण शिजत होते, तिथे जिजाबाई काठी टेकत गेल्या. वाढणाऱ्या बाईच्या हाती त्यांनी दोन्ही हळदी दिल्या. "वायगावची होय. गाडीसाठी आणली होती, गाडीले लागली नाई."

मित्रांनो, मी आता पुन्हा जाळीमागे असतो. गुलाबराव तोच ब्रश घेऊन माझी धूळ काढतात. तुमच्याही घरात कुणी तरी असेल, वस्तू असेल, जनावर असेल किंवा माणूस असेल, जे तापल्याशिवाय काही सांगू शकत नाही. त्याच्यावर तुमची माया असणार, यात मला शंका नाही. मायेपोटी हातात पुडीही असेल. फक्त ती टाकण्याआधी एकदा वाका, थोडे थांबा आणि पाणी नेमके कुठून येते आहे ते पाहा.