रामची सीट

सविताने पाय पुरला तेवढा क्लच दाबला आणि दुसरा गिअर टाकायला गेली. गाडीच्या पोटातून करकर आवाज आला. शेजारी बसलेल्या चंद्रभानने डोळे मिटून घेतले. पालमला त्याचं गॅरेज होतं, सविताच्या नवऱ्याचा तो शाळेपासूनचा दोस्त, आणि गिअरचे दात असे झिजताना ऐकणं त्याच्या जिवावर येत होतं.

“वहिनी, क्लच अर्धाच दबायलाय,” तो म्हणाला. “सीट पुढं घेतल्याबिगर व्हायचं न्हाई.”

सविताने आरशातून मागे पाहिलं. मागे तिचे सासरे बन्सीधर नातीला मांडीवर घेऊन बसले होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले. सविताने पाठीला टेकू म्हणून ठेवलेल्या वाकळेला आणखी एक घडी घातली आणि पुढे सरकून बसली.

सीट रामची होती. नवरा तिचा चांगला ताडमाड. ही जुनी पांढरी गाडी परभणीहून आणली तेव्हा पहिलं काम त्याने सीट पार मागे सारण्याचं केलं, आणि तरी गुडघे स्टिअरिंगला लागतात म्हणून कुरकुरला. पोळ्याच्या सुमारास, जवळच तर जायचंय म्हणून गाडी घरी ठेवून तो मोटारसायकलवर गेला आणि परत आला नाही. तेव्हापासून त्या घरात दुचाकीचं नाव कोणी काढत नव्हतं आणि सीटला कोणी हात लावत नव्हतं. एकदा भावकीतल्या कुणीतरी गाडी धुताना ती पुढे ओढली. बन्सीधरांनी लगेच मागे सारली, पण ती नेमकी त्याच खाचेत बसली की नाही याची त्यांना खात्री होईना. दिवस मावळेपर्यंत गाडीचं दार उघडून बघत राहिले, जेवले नाहीत. हा वेडेपणा आहे हे घरात सगळ्यांना कळत होतं. पण बोलणार कोण?

सविताला नर्सची नोकरी लागली होती, तीही एसटी जात नाही अशा गावच्या उपकेंद्रात. गाडीवर हात बसला तर रोज जाऊन येऊन करता येणार होतं. नाही बसला तर लेकीला, योगिनीला, घेऊन तिथेच खोली करायची, हे तिने घरात स्पष्ट सांगून टाकलं होतं. सासूने, धुरपताबाईने, पदराने डोळे पुसले. बन्सीधरांनी चंद्रभानला बोलावणं धाडलं. शिकवायला त्यांची ना नव्हती, पण सीट हलवायची नाही, हेही त्यांनी न बोलता सगळ्यांना सांगितलं. म्हणून ही वाकळ. इंजिन ऑइल कसं बघायचं, गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण का उघडायचं नाही, हे सविता भराभर शिकली. घोडं अडलं होतं ते टीचभर अंतरापाशी, आणि उद्या नोकरीवर हजर व्हायचं होतं.

पुलाच्या चढावर पुढे उसाची ट्रॉली थांबली, तशी सविताही थांबली. मागे एसटी येऊन उभी राहिली. ट्रॉली हलली. सविताने क्लच दाबून पहिला गिअर टाकला, तो करकरला आणि निसटला. ब्रेकवरचा पाय तिने तोवर उचलला होता. इंजिन नुसतंच गुरगुरलं आणि गाडी मागे घसरायला लागली. ती घाबरून क्लच आणखी दाबायला गेली, तर वाकळच पाठीमागून सरकली. एसटीचा हॉर्न वाजला. योगिनीने आजोबांचा सदरा मुठीत धरला. चंद्रभानने हँडब्रेक खेचला. गाडी थांबली तेव्हा मागच्या काचेत एसटीचं तोंडच तेवढं दिसत होतं.

 सविताला रडू येत होतं आणि रागही येत होता, मेलेल्या नवऱ्याचा, त्याच्या लांब पायांचा.

“न्हाई जमायचं मला,” ती म्हणाली. “खोलीच बघते तिकडं.”

चंद्रभान एसटीवाल्याला हात करायला उतरला. तेवढ्यात मागून बन्सीधरांचा आवाज आला, अगदी हळू.

“सविता. घे पुढं.”

“काय, मामा?”

“सीट. पुढं घे म्हनलं.”

तिने खाली हात घालून दांडी ओढली. सीट हलेना. तिने अंग पुढे झोकलं, तशी ती खटखट करत सरकली. चंद्रभान परत आला, त्याने सीटकडे पाहिलं आणि मागे वळून बघायचं टाळलं. सविताने क्लच दाबला, तो थेट तळाला टेकला. गिअर आवाज न करता पडला. चंद्रभानने हँडब्रेक सोडला आणि गाडी चढ चढून पुलावर आली.

गाडी घरी आली तेव्हापासून बन्सीधर कायम पोराच्या मागेच बसत आले होते. पाय अवघडतील, पलीकडं बसा, असं राम म्हणायचा. ते ऐकत नसत. गुडघे त्याच्या सीटला टेकलेले असत, आणि तो रेलला, वळला, हसला की त्यांना ते गुडघ्यांत कळे. आता गुडघ्यांपुढे मोकळी जागा झाली होती. योगिनी मांडीवरून घसरून त्या जागेत उभी राहिली, आईची सीट दोन्ही हातांनी धरून. मग तिने वळून आजोबांकडे पाहिलं.

“आबा, पाय लांब करा की आता. लय जागा झाली.”

“हां,” बन्सीधर म्हणाले.

गाव येईस्तोवर त्यांनी पाय तसेच आवळून ठेवले होते.