मागचा बाक

बिबवेवाडीच्या एका बी.एड. कॉलेजात सुनीतीबाईंची उमेदीची वर्षं गेली होती. मुलं शाळेत सराव पाठ घ्यायला गेली की बाई वर्गात मागच्या बाकावर बसत आणि पाठ संपला की व्हरांड्यात त्यांच्याशी बोलत. दिवाळीनंतर कॉलेजनं ॲप घेतलं. मोबाईल वर्गात लावायचा, पाठाचा व्हिडिओ अपलोड करायचा. गुण ॲप देणार.

"मग आम्ही शाळेत कधी जायचं?" बाईंनी मीटिंगमध्ये विचारलं.

"कशाला?" प्राचार्य रंगनाथ सर म्हणाले. "मागे बसून मान हलवायला रिक्षाभाडं लागतं. ॲपला लागत नाही."

सगळे हसले. बाईही थोड्या हसल्या.

जानेवारीत आम्रपालीचा फोन आला. कात्रजपलीकडच्या गावातली ही मुलगी. मन लावून शिकवायची, पण आवाज लहान.

"मॅडम, सातवीचा वर्ग आवरत नाही. पोरं माझ्या बोलण्याची नक्कल करतात. ॲप म्हणतं आवाज वाढवा. वाढवला की ती जास्तच हसतात. एकदा येऊन बसाल का?"

"येते गं. बघते या आठवड्यात."

तो आठवडा इतर प्राध्यापकांना ॲप शिकवण्यातच गेला. पुढच्या आठवड्यात आम्रपालीचा फोन आला तेव्हा बाई रंगनाथ सरांसमोर होत्या. त्यांनी तो कट केला. संध्याकाळी तिचे गुण पाहिले. थोडे वाढले होते. व्हिडिओ उघडायची गरज वाटली नाही.

शेवटी बाई शाळेत गेल्या तेव्हा मुख्याध्यापिका प्रेमलाबाईंनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

"ती तास अर्ध्यावर सोडून गेली, मागच्या मंगळवारी. तुमच्या ॲपनं कळवलं नाही वाटतं?"

बाई तशाच तिच्या घरी गेल्या. आई दारातच भेटली. "या बाई. कामाला लागली हाय ती, मॉलमधी. निघालीच हाय."

आम्रपाली बाहेर आली. दुकानाचा निळा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र. बाईंना पाहून दचकली, मग वाकून नमस्कार केला. दोघी स्टॉपपर्यंत चालत गेल्या.

"परत ये," बाई म्हणाल्या. "मी रोज येऊन बसेन. सरांशी बोलते मी."

"पहिल्या पाठाला तुम्ही होतात," आम्रपाली म्हणाली. "मी मध्येच विसरले, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. मला आठवलं सगळं. त्या दिवशी वाटलं होतं, जमेल आपल्याला."

"जमेल की अजून."

"नाही मॅडम. आता वर्गाच्या दारापाशी गेलं तरी पोरांची नक्कल ऐकू येते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बाईंना बरं वाटलं असतं.

बस आली. आम्रपालीनं आत चढून जागा धरली आणि ओळखपत्र सरळ केलं. खिडकीतून हात केला, अगदी पाहुण्यांना करतात तसा.

बाईंनीही हात वर केला. मोबाईल वाजत होता. कॉलेजचा फोन होता. तो घ्यावा की नाही, हे त्यांना कितीतरी वेळ ठरवता आलं नाही.