उकायालीवरचे पाच तास

एल्डर लिंडक्विस्ट त्या दिवशी सकाळी साडेसहाला उठला नाही. पाच महिन्यांत असं एकदाही झालं नव्हतं. साडेसहाला उठायचं, गुडघे टेकून प्रार्थना करायची, जोर काढायचे, मग अभ्यास, मग पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची काळी पट्टी. हे सगळं तो घड्याळ न बघता करायचा. मी मच्छरदाणी वर केली. तो कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता आणि त्याच्या ओठांना रंग नव्हता.

"रात्रीपासून दुखतंय," तो म्हणाला. "तू झोपला होतास."

मॉर्मन या ख्रिस्ती मंडळीत धर्मसेवेला निघालेल्या पोराला एल्डर म्हणतात, मग तो एकोणीस वर्षांचा का असेना. मी एकोणीसचा होतो. एल्डर तुर्पो. गाव आयाविरी, वर पठारावर, जिथली नदी उन्हाळ्यात घोट्याएवढी असते. मंडळीनं मला पाठवलं ते उकायाली नदीच्या काठी, पुएर्तो लुपुना नावाच्या लाकडी घरांच्या गावात. तिथं शाळेत जायला होडी, दुकानात जायला होडी. मला पोहता येत नव्हतं. आमच्या नियमांत धर्मसेवेच्या दोन वर्षांत पाण्यात उतरायला मनाई आहे हे कळलं तेव्हा मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले होते. माझा जोडीदार लिंडक्विस्ट अमेरिकेतल्या आयडाहोचा, बटाट्याच्या शेतावर वाढलेला. माझे आई-बापही बटाटेच लावायचे, म्हणून आमचं जमलं. संध्याकाळी बोलायला काही नसलं की आम्ही बटाट्यावर बोलायचो.

आरोग्य केंद्रातली नर्स दोन दिवसांपूर्वी लस टोचायला वरच्या वाड्यांवर गेली होती आणि केंद्राची मोटर-होडी तिच्याबरोबर होती. फोन लागायचा तो फक्त पाण्याच्या टाकीच्या शिडीवर. जोडीदाराला नजरेआड करायचं नाही हा आमचा सगळ्यात पक्का नियम. मी तो मोडला. धावत जाऊन शिडी चढलो आणि शहरातल्या आमच्या डॉक्टरबाईंना फोन लावला.

"उजवीकडे खाली दाबून बघितलंस?"

"बघितलं."

"हात सोडल्यावर जास्त दुखतं का?"

"तो किंचाळला, बाई."

"अपेंडिक्स असणार. आजच आणायला हवं त्याला. गावाची धावपट्टी?"

"पाण्याखाली आहे."

"मग नदीनं आण. फुटायच्या आत आण."

शिडीवरून नदी दिसत होती. पूर आला होता. पाणी दुधाच्या चहासारखं, आणि त्यावरून अख्खी झाडं मुळांसकट वाहत चालली होती. माझे हात शिडीला असे चिकटले की उतरायला मला वेळ लागला.

गावात त्या दिवशी चालू मोटर असलेली एकच होडी होती, लिसार्दो सांगामाची. आणि त्यानंच तीन आठवड्यांपूर्वी आम्हाला घराबाहेर काढलं होतं. त्याची बायको नेलिदा आमचं ऐकायला बसायची आणि आमच्यात दारू वर्ज्य म्हणून तिनं घरात मासातो, ही कंदाची दारू, आंबवणं बंद केलं होतं. लिसार्दो हातात कोयता घेऊन आला आणि म्हणाला होता, "माझ्या घरात पाहुणा आला तर मी त्याला काय देऊ, पाणी? परत माझ्या पायरीवर दिसलात तर दोघांना नदीत टाकीन." तो कोयता तो नारळ सोलायला घेऊन आला होता असं नेलिदा नंतर म्हणाली. पण मला त्यानंतर त्याच्या घरावरून जाताना धाप लागायची.

त्याचं घर खांबांवर होतं. मी खाली चिखलात उभा राहिलो.

"काका."

तो वर जाळं विणत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. "पायरीवर यायचं नाही म्हणून सांगितलं होतं."

"पायरीवर नाही आलो."

"मेलाय का कोण?"

"अजून नाही," मी म्हणालो.

त्यानं जाळं खाली ठेवलं. मी सांगितलं ते त्यानं ऐकलं, मग नदीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं. "या पाण्यात कोणी जात नाही," तो म्हणाला.

आतून नेलिदा आली. हातात पेट्रोलचा डबा. "मी जाते. तुम्ही बसा जाळं घेऊन. परत येईन तोवर भात लावून ठेवा."

"तुला मोटर चालवता येते का?"

"या डोंगऱ्याला शिकवते, तो चालवेल."

लिसार्दोनं तिच्या हातून डबा घेतला. माझ्याकडे बघून म्हणाला, "पोहता येतं का तुला, डोंगऱ्या?"

"नाही."

"आणि त्या गोऱ्याला?"

"त्याला येतं. पण आम्हाला पाण्यात उतरायची मनाई आहे. नियम आहे."

"नदीला सांग तुझा नियम," तो म्हणाला, आणि खाली उतरला.

लिंडक्विस्ट सहा फुटांच्या वर होता. आम्ही त्याला झोळीत घातलं, झोळी वाशाला बांधली आणि चार माणसांनी त्याला होडीपर्यंत नेलं. लांब, अरुंद होडी, मागे काठीसारखा दांडा असलेली छोटी मोटर. आवाजावरून तिला सगळे पेके-पेके म्हणतात. काठ पाण्याच्या वर वीतभर. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन तळाशी बसलो, तेवढ्यात होडी हलली.

पहिला तास मी बाहेर बघितलंच नाही. त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. पाऊस सुरू झाला तसा मी त्याच्यावर प्लास्टिकचा कागद धरला. लाकडाचा ओंडका होडीला घासून जायचा तेव्हा तळाखालून खरखर आवाज यायचा आणि तो आवाज माझ्या दातांत यायचा. लिसार्दो मागे उभा होता. तो अधूनमधून ओरडायचा, "डावीकडे झुक," "आता उजवीकडे," आणि मी डोळे मिटून झुकायचो.

दुसऱ्या तासात लिंडक्विस्ट म्हणाला, "आता दुखायचं थांबलंय."

मला बरं वाटलं. मी मागे वळून ते लिसार्दोला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. "माझ्या मेव्हण्याचंही असंच थांबलं होतं," तो म्हणाला आणि मोटर वाढवली. मग मला कळलं, ते आत फुटलं असणार.

थोड्या वेळानं लिंडक्विस्टला हुडहुडी भरली. त्यानं माझी बाही धरली. "तुर्पो. आशीर्वाद दे."

आजाऱ्याच्या डोक्याला तेल लावून, हात ठेवून आशीर्वाद देतात. तेलाची बारीक कुपी माझ्या किल्ल्यांच्या जुडग्यातच होती. पण आजवर ते नेहमी तोच करायचा, मी नुसता त्याच्या हातावर हात ठेवायचो. जे बोलायचं असतं ते मला स्पॅनिशमधून पाठ होतं. मला भीती त्याची नव्हती. हात ठेवल्यावर जे सुचेल ते बोलायचं असतं, आणि मी 'तू बरा होशील' म्हणालो आणि तो माझ्या मांडीवर मेला, तर? किंवा काहीच सुचलं नाही, तर?

"तूच म्हण, मी हात ठेवतो," मी म्हणालो.

"स्वतःला देता येत नाही. दे ना."

मी थेंब त्याच्या केसांत टाकला. पावसानं तो लगेच ओघळला, म्हणून अजून एक टाकला. हात ठेवले. त्याचं पूर्ण नाव घेतलं, आणि पुढचे सगळे पाठ शब्द गेले. एकही शब्द आठवेना. मग तोंडातून केचुआ निघाली, आमची घरची भाषा, जिच्यात मी कधी चर्चमध्ये बोललो नव्हतो. तू बरा होशील असं मी म्हणालो नाही. तेवढी माझी छाती झाली नाही. मी म्हणालो, आम्ही इथं पाण्यावर आहोत, तिघं आहोत, आम्हाला बघ. तेच दोन-तीनदा म्हणालो आणि हात काढले.

"काय बोललास रे?" लिसार्दोनं मागून विचारलं.

"आईच्या भाषेत बोललो."

"देवाला येते ती?"

"आईला वाटतं येते."



तिसऱ्या तासाच्या शेवटी मोटर बंद पडली. एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत नदीचा आवाज ऐकू आला. तोवर मोटरनं तो झाकून ठेवला होता. कोणाचं तरी तुटलेलं जाळं पंख्यात गुंडाळलं गेलं होतं. होडी आडवी व्हायला लागली. पुढच्या वळणावर पुरातली झाडं काठाला अडकून त्यांचा ढीग झाला होता. पाणी त्या ढिगाखाली शिरत होतं, आणि आम्ही सरळ तिकडेच चाललो होतो.

लिसार्दोनं वल्हं उचललं. "मी होडी सरळ धरतो. तू जाळं काप."

"मी?"

"दुसरा कोण आहे इथं?"

त्यानं मोटरचा दांडा फिरवून होडीच्या बाजूला आणला. पंखा पाण्यात, होडीपासून हातभर लांब होता. तिथं पोचायला मला कंबरेपर्यंत बाहेर ओणवं व्हायला लागणार होतं. त्यानं माझ्या हातात सुरी दिली. मी हललो नाही. मला खरंच हलता येत नव्हतं. माझी पँट गरम झाली तेव्हा मला कळलं की मला लघवी झाली आहे. कोणाला दिसलं नसेल, सगळे भिजलेलेच होतो, पण मला माहीत होतं.

"आडवा हो. तुझ्या पायांवर मी बसतो," लिसार्दो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. "नव्वद किलोचा आहे मी. पडणार नाहीस."

मी पालथा झालो. तो माझ्या पिंढऱ्यांवर बसला आणि बसूनच वल्हं मारू लागला. मी पुढे सरकलो. नदी माझ्या तोंडाखाली होती, एवढी जवळ की तिचा चिखलाचा वास घशात गेला. डावा हात खांद्यापर्यंत पाण्यात. टाय पंख्यात अडकेल म्हणून लिसार्दो ओरडला, तेव्हा मी आधी माझा टाय कापला. मग दोरी. एकेक दोरी निघत होती आणि पाण्यात साप निघाल्यासारखी जात होती. मी मोठ्यानं काहीतरी म्हणत होतो. लिसार्दोनं नंतर सांगितलं, मी आकडे मोजत होतो. एक ते दहा, परत एक ते दहा.

शेवटची दोरी सुटली, तेव्हा झाडांचा ढीग एवढा जवळ होता की एका फांदीवर बसलेला बगळा मला डोळ्यांसकट दिसला. लिसार्दोनं मला कॉलरला धरून आत ओढलं, माझ्यावरून उडी मारून मोटरची दोरी ओढली. पहिल्यांदा लागली नाही. दुसऱ्यांदा नाही. तिसऱ्यांदा लागली. एक फांदी लिंडक्विस्टवरचा कागद फाडून गेली आणि आम्ही बाहेर होतो.

मी तळाशी बसून ओकलो. लिंडक्विस्ट डोळे उघडून म्हणाला, "पोचलो?"

"जवळ आलोय," मी म्हणालो. अजून दीड तास होता.

शहराच्या धक्क्यावर रिक्षा मिळाली. दवाखान्यात त्याला लगेच आत घेतलं. एका बाईनं माझ्यापुढे कागद ठेवला, नातेवाईक कोण म्हणून विचारलं. मी म्हणालो, भाऊ. माझ्याकडे आणि त्याच्याकडे बघून त्या बाईनं काही विचारलं नाही. मी सही केली.

दार बंद झालं आणि मी एकटा पडलो. सकाळची धावपळ सोडली तर पाच महिन्यांत पहिल्यांदा माझ्या शेजारी कोणी नव्हतं. नदीवरची भीती ती नदीवर होती. ही वेगळी होती. मी उभा राहायचो, बसायचो, परत उभा राहायचो.

"काय चाललंय?" लिसार्दो अजून तिथंच होता.

"आम्हाला एकटं राहायचं नसतं. नियम आहे. इथले एल्डर येतायत, पण त्यांना तास लागेल."

"मग मी आता एल्डर होऊ?"

"तुम्ही मासातो पिता," मी म्हणालो. काय बोललो ते बोलल्यावर कळलं.

तो मला वाटलं उठून जाईल. तो हसला, दारात जाऊन पानात बांधलेला भात घेऊन आला आणि अर्धा माझ्यापुढे ठेवला. बाकावर बसला आणि तास झाला, दोन झाले, तिथले एल्डर आले, तरी बसून राहिला. मधे म्हणाला, "मलाही भीती वाटली होती. त्या वळणावर माझा भाऊ गेला." एवढंच. मी भाऊ कोणता, कधी, काही विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं.

डॉक्टर बाहेर आला तेव्हा संध्याकाळ झाली होती. अपेंडिक्स फुटलं होतं. पोट धुऊन काढलं. रात्र निघाली तर वाचेल, म्हणाला. रात्र निघाली. अकरा दिवसांनी लिंडक्विस्टला त्याच्या बापाबरोबर विमानात बसवलं. बाप शेतकरी, हात माझ्या बापासारखेच. त्यानं माझा हात धरला आणि त्याला स्पॅनिश येत नव्हतं म्हणून नुसता धरून ठेवला.

मग आमच्या धर्मसेवेच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. पुएर्तो लुपुनाला नव्या जोडीदाराबरोबर परत जाशील का, विचारलं. लोक तुला ओळखतात, म्हणाले. मी तीन रात्री झोपलो नव्हतो. डोळा लागला की ते पाणी तोंडाखाली यायचं. मी म्हणालो, "नाही. मला भीती वाटते." मला वाटलं ते धर्मग्रंथातलं काही सांगतील. त्यांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "बरं. सांगितलंस ते बरं केलंस."

माझी बदली किनाऱ्यावरच्या वाळवंटी भागात झाली. तिथं वर्षातून एकदा पाऊस शिंतडतो. उरलेलं दीड वर्ष मी तिथंच काढलं. माझ्या बॅगा पुएर्तो लुपुनाहून मागाहून आल्या. नेलिदानं कपडे धुऊन, घड्या घालून पाठवले होते, आणि तळाशी भाजलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पुडी होती. चिठ्ठी नव्हती. मी नव्या एल्डरांबरोबर आभाराचा निरोप पाठवला, पण जाऊन आभार मानायचे राहिले ते राहिलेच. त्या शेंगा मी नव्या जोडीदाराला दिल्या नाहीत. चार-पाच दिवस रोज सकाळी अभ्यासाच्या वेळी मूठभर काढून एकट्यानं खाल्ल्या.