दुसरी नोटीस

लंडनच्या लवादापुढे मला साक्षीला बोलावलं तेव्हा माझी बायको नोरीन जाऊन वर्ष होत आलं होतं. जहाजाचा मालक जिंकतो की हरतो, याचं मला काही नव्हतं. त्या बंदराबाहेर आम्ही खोळंबलो ते कुणामुळे, एवढं कुणीतरी सांगावं म्हणून मी हल शहराहून गाडी पकडून आलो.

ब्राझीलमधल्या एका नदीच्या तोंडाशी आम्ही नांगर टाकला होता. सोयाबीन भरायचं होतं. कप्तान म्हणून मी नोटीस पाठवली : जहाज माल भरायला तयार आहे. भाडेकराराप्रमाणे तिथून घड्याळ सुरू होतं, आणि ठरल्यापेक्षा जास्त उशीर झाला तर त्याचे पैसे जहाज भाड्याने घेणाऱ्या कंपनीच्या माथी. दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. एका कोठाराच्या कोपऱ्यात मागल्या खेपेचा गहू चिकटलेला निघाला. त्याने जहाज नापास केलं. आम्ही कोठार धुऊन काढलं आणि तो परत येऊन पास करून गेला.

मी मालकाच्या ऑफिसात कॉलिन टॅपला फोन लावला. "दुसरी नोटीस पाठवतो."

"अजिबात नको, कॅप्टन! दुसरी पाठवली म्हणजे पहिली चुकीची होती हे आपणच कबूल केलं. गप्प बसा."

"बरं. आणि माझ्या सुटीचं? नोरीनला इस्पितळात हलवलंय."

"जहाज धक्क्याला लागू दे, लगेच बदली माणूस पाठवतो. शब्द देतो."

धक्का काही रिकामा होईना. नोरीन फोनवर म्हणायची, "काय रे, तिकडे दुसरी कुणी गाठलीस की काय?" हसता हसता तिला खोकला यायचा. पुढे फोन तिची बहीण बेरिल उचलू लागली. आम्ही नांगरावर असतानाच नोरीन गेली.

लवादापुढे भाड्याने घेणाऱ्या कंपनीचे वकील लॉक्सली शांतपणे विचारत होते.

"कॅप्टन, नोटीस दिलीत तेव्हा कोठारं स्वच्छ होती?"

"एक नव्हतं."

"साफ केल्यावर दुसरी नोटीस दिलीत?"

"नाही. ऑफिसने नको म्हटलं."

"मग पहिली नोटीस रद्दच. माल भरायला सुरुवात होईपर्यंत घड्याळ चाललंच नाही."

"म्हणजे आम्ही तिथे थांबलो नव्हतो?"

"थांबला होतात हो. ते धरलं जाणार नाही, एवढंच."

बाहेर कॉलिन माझ्यावर उखडला. "जरा गोलमोल बोलता येत नव्हतं?"

"तपासनिसाचा कागद त्यांच्या हातात होता. आणि नोटीस कुणी अडवली, कॉलिन?"

तो चहा आणायला म्हणून गेला, तो परत आलाच नाही.

काही आठवड्यांनी निकाल आला, लॉक्सली म्हणाले होते तसाच. त्या दिवशी बेरिल घरी आली होती.

"मग? चूक कुणाची ठरली?"

"कुणाचीच नाही. नोटीस रद्द, म्हणून तो उशीरच धरला नाही."

"धरला नाही म्हणजे? ती दाराकडे बघत पडून असायची."

थोड्या वेळाने बेरिल कोट घालून निघून गेली. दार लावायला मला उठवेना.